सातवा कोण उठला

"सात मोजून नेऊ नकोस," माझ्या सासऱ्याची एव्हिस आत्या मला म्हणाली होती. "नऊ ने. सातांतलं एक ऐन वेळी खुर्चीला चिकटतं. गावसभेची अध्यक्ष म्हणून एकतीस वर्षं हातोडा हातात घेऊन त्या टेबलामागे उभी राहिलेय मी, मला विचार."

फेब्रुवारीतली गोष्ट. तिच्या स्वयंपाकघरात बसून मी तिला नावांची यादी दाखवत होते आणि माझी लेक वेरा खाली बसून तिची बटणं रंगांप्रमाणे लावत होती. मी मान डोलावली, यादीची घडी घातली, खिशात टाकली. मनात म्हटलं, चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस जरा शंकेखोर होतंच. आता हे मी म्हणावं! वेराच्या दम्याचा एक पंप दप्तरात, एक गाडीत, एक शाळेत तिच्या शिक्षिका मिसेस ओकलींकडे आणि एक माझ्या कोटाच्या खिशात, असे चार पंप बाळगणारी मी.

पण सात पुरेत, असं मला खरंच वाटलं. नियमच सातांचा होता. मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमचं टॅमरॅक गाव सभागृहात बसतं आणि वर्षभराचे निर्णय घेतं, एकेक ठराव, तोंडी किंवा हात वर करून. मात्र सात मतदारांनी जागेवर उभं राहून मागणी केली, तर त्या ठरावावर चिठ्ठीने मतदान घ्यावं लागतं. सहा जणांनी केली तर नाही.

आणि चिठ्ठीशिवाय आमची शाळा वाचत नव्हती. कारण हात वर करायची वेळ आली की माझा सासरा, मेरिल कोलबर्न, पहिल्या रांगेतून मागे वळून बघतो. तो शाळा समितीचा अध्यक्ष. अर्ध्या गावाच्या दारातलं बर्फ त्याचा ट्रक सारतो, उरलेल्या अर्ध्यातलं कोणी ना कोणी त्याच्या खाणीवर कामाला असतं. त्याने आजवर कुणाला धमकावलेलं नाही. नुसता बघतो. आणि विसरत नाही.

ठराव त्याचाच होता. दोन खोल्यांची शाळा जूनमध्ये बंद करायची आणि एकतीस मुलांना बसने घाटापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचं. मी तो घाट घड्याळ लावून तीनदा पार केला होता. बर्फ नसताना बावन्न मिनिटं. त्यातली वीस अशी, की फोन लागत नाही. ऑक्टोबरात वेराला दम्याचा झटका आला तेव्हा तिला खोकलाही सुरू झाला नव्हता. मिसेस ओकलींनी तिच्या बसण्यावरून ओळखलं होतं. बसच्या ड्रायव्हरला आरशात काय दिसणार? रोज दोनदा ती वीस मिनिटं माझ्या छातीवर येऊन बसायची.

---

सभागृहाबाहेर चिखलात ट्रक लावून माझा नवरा आशर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मागच्या सीटवर वेरा बुटांनी ठोके देत होती.

"उभा राहणार ना?" मी विचारलं.

"राहीन म्हटलं ना."

"तसं नको. नीट सांग."

"ब्रिन, मी माझ्या बापासमोर उभा राहणार आहे. यापेक्षा नीट कसं सांगतात ते मला माहीत नाही."

"तो काय म्हणेल तुला?"

"काही नाही." त्याने किल्ली काढली. "तेच तर. आई होती तोवर ती मध्ये पडायची, काहीतरी बोलायला लावायची दोघांना. आता तो आठ-आठ दिवस काही म्हणत नाही आणि मी रोज सकाळी खाणीवर त्याच्या शेजारी उभा असतो."

"म्हणून वेराने—"

"मी नाही म्हणालो का? उभा राहीन म्हणालो. फक्त माझ्याकडे बघत बसू नकोस. तू बघायला लागलीस की मला वाटतं घराला आग लागलीये."

आत बीन्स आणि हॅमचा वास सुटला होता. माझी नणंद मार्सी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावून हात हलवत होती. दुपारचं सगळ्या गावाचं जेवण दरवर्षी तिच्याकडेच. माझ्या यादीतलं सातवं नाव तिचं. "घाल माझं नाव," ती म्हणाली होती. "त्याच शाळेत मी वाचायला शिकले. डेलला मी बघते." डेल म्हणजे तिचा नवरा. तोही मेरिलच्याच खाणीवर.

मी रांगांवरून नजर फिरवून मोजलं. एव्हिस आत्या, काठी टेकून दुसऱ्या रांगेत. दुधाच्या गोठ्यावरून थेट आलेले थिबो नवराबायको, बूट धुतलेले पण वास तसाच. ग्रंथालयातली इडेला, विणकाम घेऊन. आशर. मी. खिडकीत मार्सी. सात.

---

त्या दिवशी आधी सोहळा होता. १९१८च्या मार्चमध्ये याच सभागृहात गावातल्या बायकांनी पहिल्यांदा मत दिलं, त्याला शंभर वर्षं झाली होती. आदल्याच वर्षी आमच्या व्हरमाँट राज्याने स्वतःच्या नावावर कर भरणाऱ्या बायकांना गावच्या सभेत मताचा हक्क दिला होता. देशभरातल्या बायकांना अजून दोन वर्षं थांबायचं होतं. टॅमरॅकमध्ये अशी बाई एकच होती. लोव्हिना कोलबर्न. बापाकडून आलेलं खालचं कुरण तिच्या नावावर होतं.

तिच्या नावाच्या लाकडी पाटीवरचं कापड काढायचा मान अर्थातच तिच्या पणतूला. मेरिलने बायकोच्या, लोइसच्या, अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच टाय लावला होता.

"माझी पणजी चार मैल चालत आली," तो म्हणाला. "नवऱ्याने घोडागाडी द्यायला नकार दिला होता. तेव्हा बायका वरच्या गॅलरीत बसायच्या, विणकाम करत. ती वर गेली नाही. ती इथे आली, पुरुषांच्या मधोमध, आणि सगळ्यांदेखत ताठ उभी राहिली. कोलबर्नांच्या घरात तेव्हापासून कुणी वाकून उभं राहत नाही."

त्याचा आवाज जरासा फाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला हा माणूस आवडायचा, हीच तर अडचण होती. वेरा जन्मली त्या वादळी रात्री आमच्यापुढे ट्रक घालून हॉस्पिटलपर्यंत रस्ता मोकळा करत गेलेला माणूस आहे तो.

मग सभाध्यक्ष ड्वाइट पेकने चष्मा बदलला. "ठराव नववा. शाळेचा."

---

आमच्या सभेत कुणी कुणाशी बोलत नाही. जे बोलायचं ते अध्यक्षांशी. शेजारच्या खुर्चीतल्या सख्ख्या माणसालाही बोल लावायचा असेल तर तो ड्वाइटमार्फत जातो. त्यामुळे भांडणं ताब्यात राहतात असं म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे.

मेरिलने ठराव मांडला. छप्पर गळतंय, पटावर एकतीस मुलं, दोन वर्षांनी चोवीस. पलीकडे संगीताचे शिक्षक आहेत, प्रयोगशाळा आहे. सगळं खरं होतं. तो खोटं कधीच बोलत नाही.

मी उठले. हातातला कागद खुर्चीवरच ठेवला. "अध्यक्ष महोदय, घाटात वीस मिनिटं फोन लागत नाही. मी मोजलंय."

"अध्यक्ष महोदय," मेरिल मागे न वळता म्हणाला, "माझ्या सुनेला आभाळ कोसळेल अशी भीती वाटते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. ती त्याची उंचीही मोजून आणते."

लोक हसले. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर.

"अध्यक्ष महोदय, माझ्या सासऱ्यांना विचारा, ती बस घाटात अडकली आणि आत दमा असलेलं मूल असलं, तर ड्रायव्हर काय करेल?"

"अध्यक्ष महोदय, तिला सांगा, मी स्वतः जाऊन बस ओढून काढीन."

"त्यांना कळवणार कोण, अध्यक्ष महोदय? फोन लागत नाही!"

या वेळी हसू दुसऱ्या बाजूने आलं. थिबोने मांडीवर थाप मारली. ड्वाइटने हातोडा उचलून दोघांकडे बघितलं, दुसऱ्यांच्या घरच्या रविवारच्या जेवणात चुकून येऊन पडलेल्या पाहुण्यासारखं. "बोलून झालं असेल तर मत घेऊ. बाजूने असतील त्यांनी—"

"अध्यक्ष महोदय," मी म्हणाले, "चिठ्ठीने मतदान व्हावं अशी माझी मागणी आहे."

मेरिल आता वळला.

"सात लागतील," ड्वाइट म्हणाला. "उभे राहा आणि उभेच राहा, मी मोजतो."

मी उभीच होते. एव्हिस आत्या काठीवर भार देत उठली. थिबो उठला, त्याच्या बायकोने त्याला उठताना ढोसलं आणि मग स्वतः उठली. इडेला विणकाम हातातच धरून उठली, लोकरीचा गुंडा घरंगळत गेला. मग काही नाही. मी आशरकडे बघितलं नाही. शप्पथ, बघितलं नाही. समोरच्या पाटीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिले. शेवटी माझ्या बाजूची खुर्ची करकरली आणि एक लांब सावली माझ्या हातावर पडली.

"सहा," ड्वाइट म्हणाला.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळले. मार्सी तिथेच होती. तिच्या हातात मोठा डाव होता आणि ती बीन्सच्या भांड्यात बघत होती.

तिचं काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. डेल कॉफीच्या भांड्यापाशी उभा होता. त्याने तिला अडवलं नाही, हातही लावला नाही. एवढंच म्हणाला, "मला उद्या सकाळी खाणीवर जायचंय, मार्सी." तिला दोन पावलं टाकून दारात यायचं होतं, बस. दारात उभं राहिलं तरी मोजलं जातं. तिने डाव खाली ठेवायचं मनात आणलं. मग तिला वाटलं, डाव कुठे ठेवू? अशा क्षणी माणसाला असलंच काहीतरी सुचतं. ती डाव कुठे ठेवायचा याचा विचार करत राहिली आणि खिडकीच्या पलीकडे मी तिच्याकडे बघत राहिले.

एव्हिस आत्या मान न वळवता, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "नऊ."

"सातवा कोणी?" ड्वाइटने हातोडा उचलला. "नसेल तर हात वर करून—"

"बरोबर आहे," मेरिल म्हणाला. "अध्यक्ष महोदय, आत्ताच आपण पाटीवरचं कापड काढलं. माझ्या पणजीने चिठ्ठीमागे तोंड लपवलं नाही. उभी राहिली. आपल्यालाही हात वर करता यायला हवा."

"अध्यक्ष महोदय!" एव्हिस आत्याची काठी जमिनीवर आपटली. "माझ्या भाच्याला सांगा, भाषण छान होतं, पण गावच्या कारकुनाची वही त्याने एकदा तरी उघडून बघावी. लोव्हिना माझी आजी. त्या दिवशी दारूच्या परवान्याचं मतदान होतं आणि ते चिठ्ठीनेच व्हायचं, दरवर्षी. ती चार मैल चालत आली, पेटीत चिठ्ठी टाकली आणि चार मैल चालत परत गेली. उभी राहिली ती फक्त रांगेत."

हशा सुरू झाला.

"आणि तिने काय लिहिलं," आत्या म्हणाली, "ते आजोबांना मरेपर्यंत कळलं नाही. दर रविवारी विचारायचे. दर रविवारी ती म्हणायची, आणखी बटाटे वाढू का?"

आता सगळं सभागृह हसत होतं. मागच्या रांगेतले खाणीवरचे लोकसुद्धा, तोंडावर टोपी धरून. मेरिलचे कान लाल झाले. त्याच्या मनात तेव्हा काय चाललं असेल ते मला एव्हिस आत्याने सांगितलं, आणि ती त्याला तो पाळण्यात होता तेव्हापासून ओळखते. त्याने सकाळीच हात मोजले होते. कोणाचा कुठे जाईल, एकेक. त्याच्या हिशेबात एकशे पाच बाजूने होते. हा हिशेब भीतीचा आहे असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याला वाटायचं, लोकांना त्याचं म्हणणं पटतं.

तो उठून उभा राहिला.

"हसा," तो म्हणाला. "सातवा हवाय ना तुम्हाला? घ्या. मोज मला, ड्वाइट. कागदावर लिहा नाहीतर दगडावर लिहा, या गावाला अक्कल आहे एवढं मला ठाऊक आहे."

ड्वाइटने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "मेरिल, ठराव तुझाच आहे."

"मतदार आहे ना मी?"

"आहेस."

"मग मोज."

"सात," ड्वाइट म्हणाला आणि हातोडा आपटला.

---

रांग लागली. इडेलाने नावांवर खुणा केल्या, लाकडी पेटी टेबलावर आली. त्याच पेटीत शंभर वर्षांपूर्वी लोव्हिनाची चिठ्ठी पडली होती. वेरा माझ्या कोटाला धरून चालत होती. "मम्मा, तू काय लिहिलंस?" तिने मोठ्याने विचारलं आणि पुढच्या चार जणांनी मागे वळून बघितलं.

"आणखी बटाटे हवेत का?" मी म्हणाले. चौघंही हसली.

मोजायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात कुणी जेवायला उठलं नाही, मार्सी दोनदा सांगून गेली तरी. मी वेराचे श्वास मोजत होते. सवयच आहे. आशरने माझा हात धरला आणि सोडला नाही, बापाच्या पाठीमागे, दुसऱ्या रांगेत.

ड्वाइटने कागद हातात घेतला. त्याने आधी एकदा मनात वाचला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या, तेव्हाच मला कळलं.

"शाळा बंद करावी का. होय, एक्क्याऐंशी. नाही, एकशे तीन."

मग जो आवाज झाला तो मी त्या सभागृहात ना आधी ऐकला होता, ना पुन्हा ऐकेन. थिबोने टोपी वर फेकली, ती दिव्याला अडकली आणि अजून तिथेच आहे. मिसेस ओकली खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागल्या आणि त्यांच्या भोवती सोळा-सतरा मुलं गोळा झाली. कुणीतरी रस्त्यापलीकडे धावत जाऊन शाळेची घंटा वाजवायला लागलं. दोर थांबेना. आशरने वेराला खांद्यावर घेतलं आणि तो ओरडत होता, माझा आशर, जो फुटबॉल बघतानाही ओरडत नाही. एव्हिस आत्याने मला जवळ ओढून दोन्ही गालांचे मुके घेतले, काठी खाली पडली ती कुणी उचलली नाही. मी हसत होते की रडत होते कोण जाणे. पहिल्यांदाच, कितीतरी महिन्यांनी, ती वीस मिनिटं माझ्या छातीवरून उठली.

मेरिलने आवाज ओसरायची वाट पाहिली. मग तो उभा राहिला, कोटाची बटणं लावली. "अध्यक्ष महोदय, सभेचा निर्णय समितीला मान्य आहे. छपराची माणसं एप्रिलमध्ये येतील, मी बोलावतो." तो ड्वाइटशी हात मिळवून मधल्या वाटेने आमच्यापाशी आला आणि थांबला.

"डॅड," आशर म्हणाला.

"तू उभा राहिलास ते मी पाहिलं," मेरिल म्हणाला. "तुझ्याबद्दल माझी तक्रार नाही. तू समोर होतास." त्याने मागच्या रांगांकडे बघितलं, आयुष्यभर बघत आला तसं. पण आता लोक नजर चुकवत नव्हते. ते जेवायच्या रांगेत लागत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. "बाकीचे कोण, ते मला कधीच कळणार नाही."

तो न जेवता गेला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

---

भांडी घासायला मार्सीबरोबर मीच थांबले. तिने एकच पातेलं तीनदा घासलं.

"विचार ना," ती शेवटी म्हणाली. "का उठले नाही ते विचार."

"नाही विचारणार."

"मी लिहिलं, ब्रिन. 'नाही.' एवढं जोरात की पेन्सिलीचं टोक मोडलं. उभं राहता आलं नाही ना, म्हणून." तिने ओल्या हातांनी डोळे पुसले. "आपल्याच बापाच्या विरोधात, आणि लपून. आणि तोच माझ्या जागी उभा राहिला गं. माझ्या जागी!"

डेल ट्रे घेऊन आत आला. "बीन्स उरलेत का?" त्याने विचारलं आणि आमच्याकडे न बघता शीळ घालत बाहेर गेला. मार्सी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "यानेही?" तिने नुसते ओठ हलवून विचारलं, आणि मग दोघींनाही एकदम हसू फुटलं. साबणाचं पाणी सगळीकडे उडालं.

आज त्याला तीन आठवडे झाले. वेरा शाळेत आहे, मला घंटा इथे टेबलापाशी ऐकू येते. सप्टेंबरसाठी दोन नवी कुटुंबं चौकशी करून गेली. एव्हिस आत्याने मला पुढच्या वर्षी समितीवर उभं राहायला सांगितलंय, आणि मी हो म्हणालेय. आम्ही जिंकलो. मी सकाळी उठून ते स्वतःला सांगते आणि ते दर वेळी खरं असतं.

फक्त मेरिल दार उघडत नाही. आशरशी खाणीवर कामापुरतं बोलतो. मी ठेवलेलं जेवण पायरीवर तसंच राहतं. मार्सी जाऊन आली, आत्याही जाऊन आली, तो पडद्यामागून सांगतो, कामात आहे. आमच्यापैकी जो कोणी दारात जाईल, त्याच्याकडे बघून तो मनात एकच प्रश्न विचारतो, आणि त्याचं उत्तर मागायचं नाही हेही त्यानेच उभं राहून ठरवलंय.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही घाटाच्या रस्त्याने आलात तर दगडी पुलापाशी उजवीकडे वळा. मेपलच्या झाडांचा रस उकळून सिरप करायचे दिवस आहेत, तो मागच्या खोपीत भट्टीपाशी असेल, एकटा. सिरपचा एक डबा मागा. गिऱ्हाइकाला तो परत पाठवत नाही. थोडा वेळ बसा, गरम सिरप चाखायला देईल, भट्टीबद्दल विचाराल तर बोलेल. तो बारीक झालाय का, हात थरथरतो का, दुपारचं जेवलाय का, तेवढं बघून घ्या, आणि मला कळवा. तुमच्याशी तो बोलेल. तुमची चिठ्ठी त्या पेटीत नव्हती.